प्लग आहे का प्लग?

जुनी पण झकास, विजेवर पळणारी पण पेट्रोललाही नाही न म्हणणारी, आणि वर पुढच्या गाडीशी आपणहून अंतर राखणारी! अशी लक्झरी गाडी शोधायला निघालेल्या एका नोकरदार आईची ही कॅलिफोर्नियातली सहा आठवड्यांची धावपळ.

त्या मंगळवारी सकाळी आठला दहा मिनिटं कमी असताना मी हायवेवर झोपले.

फार नाही, दोनच सेकंद. पण ताशी तीस मैलांच्या वेगात दोन सेकंद म्हणजे जवळजवळ नव्वद फूट! हे गणित मी नंतर केलं. तेव्हा फक्त पुढच्या ट्रकचे लाल दिवे एकदम मोठे झालेले दिसले आणि पाय ब्रेकवर आदळला. मागच्याने हॉर्न ठोकला, कॉफीचा कप सीटवर उलटा झाला आणि आमची म्हातारी गाडी ट्रकपासून हातभर अंतरावर थांबली. मागे लेकीची रिकामी कार सीट होती. तिला पाचच मिनिटांपूर्वी पाळणाघरात सोडलं होतं.

ही गोष्ट नोव्हेंबर २०२५ची. आम्ही राहतो फ्रीमॉन्टला, माझं ऑफिस सांता क्लाराला. जायला एकोणीस मैल, यायला एकोणीस. कागदावर हे अंतर काहीच नाही. पण सकाळी इंटरस्टेट ८८० आणि मग २३७ नंबरचा रस्ता म्हणजे आपल्या पुण्यातल्या विद्यापीठ चौकाचा अमेरिकेत शिकायला आलेला भाऊच. चाला, थांबा, चाला, थांबा. त्यात आमची अर्धी टीम पुण्यात. त्यांचे सकाळचे अकरा वाजतात तेव्हा आमचे रात्रीचे साडेनऊ. लेक झोपली की माझा कॉल सुरू, तो संपतो बाराला. सहाला परत गजर. मग हायवेवर डोळा नाही लागणार तर काय होणार?

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो घरून काम करतो, त्यामुळे घरातली एकुलती एक गाडी मीच चालवते. तो काही बोलला नाही. रात्री कॉल संपवून बाहेर आले तर साहेब लॅपटॉप उघडून बसलेले.

"अगं, अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ असलेली गाडी घेऊ या. पुढचा थांबला की ती आपोआप थांबते."

"आणि ऑफिसात चार्जिंग फुकट आहे," मी म्हटलं. "प्लग-इन हायब्रिड बघू या ना."

"आणि?"

"आणि जरा बरी. लेदर सीटवाली."

लेदर सीटचा आणि सुरक्षिततेचा काहीएक संबंध नाही, हे मलाही कळतं. पण बारा वर्षं कोड लिहून झाल्यावर माणसाला एकदा तरी चांगल्या सीटवर बसावंसं वाटतं की नाही? तर ठरलं. वापरलेली, लक्झरी, प्लग-इन हायब्रिड, विथ अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल. बजेट तीस हजार डॉलर.

तुम्ही म्हणाल, फ्रीमॉन्टला राहून टेस्ला का नाही? कारखाना तर घरापासून दहा मिनिटांवर! खरंय. पण आमचं घर भाड्याचं. गॅरेजमध्ये प्लग आहे तो साधा, १२० व्होल्टचा. आणि गाडी एकच. लांबच्या प्रवासात चार वर्षांच्या मुलीला घेऊन चार्जर शोधत फिरायची आमची हिंमत झाली नाही. प्लग-इन हायब्रिडचा फंडा सोपा असतो. रोजचे पंचवीस-चाळीस मैल विजेवर, बॅटरी संपली की पेट्रोल इंजिन हजर. दोन्ही डगरींवर हात, पण बुडायचं नाही.

आंधळ्या माणसाने लावलेला शोध

खरेदीला जाण्याआधी आपण काय विकत घेतोय ते तरी समजून घ्यावं, म्हणून मी थोडा अभ्यास केला. आणि पहिलाच धक्का बसला. साधा क्रूझ कंट्रोल, म्हणजे एकदा वेग ठरवला की पाय न लावता तोच वेग धरून ठेवणारी सोय, ही एका अंध इंजिनिअरची कल्पना! राल्फ टीटर त्याचं नाव. पाच वर्षांचा असताना अपघातात त्याची दृष्टी गेली. असं सांगतात की त्याचे वकील गाडी चालवताना गप्पा मारायचे आणि बोलण्याच्या नादात गाडी सारखी हळू-जोरात करायचे. शेजारी बसलेल्या टीटरला त्या हिसक्यांचा वैताग आला आणि त्यातून यंत्र जन्माला आलं. पेटंट मिळालं १९५० मध्ये, आणि क्रायस्लरच्या गाड्यांमध्ये ते आलं १९५८च्या मॉडेलपासून.

अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ ही त्याची हुशार नात. पुढे बसवलेला रडार आणि काचेमागचा कॅमेरा पुढच्या गाडीवर नजर ठेवतात. ती हळू झाली की आपली हळू, ती सुटली की आपली सुटते. रडारवर चालणारी ही सोय मर्सिडीजने १९९९च्या सुमारास एस क्लासमध्ये आणली, तेव्हा ती फक्त बड्या धेंडांसाठी होती. आता आपल्याकडेही आलीच की! २०२१ मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये आली, तेव्हा नाशिकहून बाबांनी शेजाऱ्यांच्या गाडीचा व्हिडिओ मला पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "ड्रायव्हरला काम काय उरलं?"

काम उरतं, आणि भरपूर उरतं. गाडीसोबत येणारं जाडजूड पुस्तक कुणी वाचत नाही, पण मी वाचलं. त्यात ठळक अक्षरांत असतं की ही ड्रायव्हरला मदत आहे, ड्रायव्हर नव्हे. सगळ्यात महत्त्वाचा इशारा हा, की वेगात असताना पुढची गाडी अचानक लेन बदलून बाजूला झाली आणि तिच्या पुढे एखादी गाडी बंद पडून उभी असेल, तर तुमची गाडी तिच्यासाठी थांबेलच असं नाही. हे वाक्य मी दोनदा वाचलं. मग पुस्तक मिटलं आणि सोयीस्करपणे विसरून गेले. ते पुढे आठवणार होतं.

नवी नको गं बाई

वापरलेलीच का? तर लक्झरी गाड्यांची किंमत पहिल्या तीन-चार वर्षांत धाडकन खाली येते. तो फटका पहिल्या मालकाने सोसावा, आपण मागून जावं. त्यात अमेरिकेत असल्या गाड्या लोक लीजवर घेतात. दोन-तीन वर्षं वापरतात आणि परत करतात. २०२३ पासून लीजच्या इलेक्ट्रिक आणि प्लग-इन गाड्यांवर सरकारच्या करसवलतीतून ७,५०० डॉलरपर्यंत सूट मिळायची. ती सूट ३० सप्टेंबर २०२५ला संपली, पण त्या काळात रस्त्यावर आलेल्या गाड्या आता एकेक करून बाजारात परत येताहेत.

वाईट बातमी म्हणजे वापरलेल्या गाडीवरची सवलतही त्याच दिवशी गेली. पंचवीस हजार डॉलरपर्यंतची गाडी डीलरकडून घेतली तर चार हजारांपर्यंत परत मिळायचे. आम्ही जागे झालो नोव्हेंबरात! आणि कॅलिफोर्नियात असल्या गाड्यांना कारपूल लेनमधून एकट्याने जाऊ देणारं स्टिकर मिळायचं, ती योजनाही ३० सप्टेंबरलाच बंद. एका विक्रेत्याने मला बंपरवरचं स्टिकर कौतुकाने दाखवलं. म्हटलं, दादा, ते आता फक्त शोभेचं.

आमची यादी अशी झाली. बीएमडब्ल्यू ३३०ई, चालवायला झकास, पण अमेरिकी सरकारच्या मोजणीनुसार विजेवर २३ मैल, म्हणजे एका बाजूचा प्रवास कसाबसा. लेक्सस एनएक्स ४५०एच प्लस, विजेवर ३७ मैल, नंतर पेट्रोलवरही गॅलनला ३६, पण आमच्या बजेटच्या बाहेर. व्होल्वो एस ६० टी ८, विजेवर ४१ मैल. वा! जाऊन-येऊन अडतीस मैल, म्हणजे अगदी बेतून शिवल्यासारखी.

पण इथे एक गंमत आहे, ती लक्षात ठेवा. व्होल्वोने २०२२ मध्येच या गाडीची बॅटरी बदलली. त्यामुळे २०२२चीच, तशीच दिसणारी, त्याच नावाची एक एस ६० विजेवर २२ मैल जाते आणि दुसरी ४१. जुनीची बॅटरी ११.६ युनिटची, नवीची १८.८. जाहिरातीत दोन्हींना नुसतं "टी ८ प्लग-इन". नीट नाही बघितलं तर पैसे चाळीस मैलांचे आणि गाडी वीस मैलांची!

एक्सेलने केला घोटाळा

गाड्या बघायला निघणार तेवढ्यात नवऱ्याने एक्सेल शीट उघडली. मराठी माणूस खरेदीला निघाला की आधी हिशेब मांडतो, नाही का?

"एस ६० विजेवर शंभर मैल चालवायला सुमारे ४६ युनिट लागतात," तो म्हणाला. "आपल्याकडे रात्रीचा स्वस्त दर युनिटला ३१ सेंट. झाले सव्वाचौदा डॉलर."

"आणि पेट्रोलवर?"

"गॅलनला ३१ मैल. पेट्रोल पावणेपाच डॉलर. शंभर मैलांना सव्वापंधरा."

आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. शंभर मैलांमागे वाचणार एक डॉलर! एका डॉलरमध्ये इथे धड चहा येत नाही. पुढचा आकडा तर आणखी बोचरा निघाला. लेक्सस ईएस ३००एच ही साधी हायब्रिड, जिला प्लगच नाही, गॅलनला ४४ मैल देते. तिचा शंभर मैलांचा खर्च पावणेअकरा डॉलर. म्हणजे घरच्या विजेवर चालवायची असेल तर आमच्या भागात प्लग-इनपेक्षा बिनप्लगची हायब्रिड स्वस्त. आणि अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ तिच्यातही आहे.

सिएटलच्या मैत्रिणीला फोन लावला तर ती हसायलाच लागली. तिच्याकडे विजेचा दर आमच्या निम्म्याहून कमी. तिचं गणित अगदी उलटं! म्हणजे तीच गाडी एका गावात शहाणपणाची आणि दुसऱ्या गावात हौसेची. प्लग-इन गाडी चांगली की वाईट, हा प्रश्नच चुकीचा. प्रश्न एकच, तुमचा प्लग कुठे आहे आणि तिथली वीज कितीला पडते?

आमचा प्लग होता ऑफिसच्या पार्किंगमध्ये, २४० व्होल्टचा, आणि फुकट. पाच तासांत बॅटरी फुल. घरच्या साध्या प्लगवर त्याच कामाला बारा तासांच्या आसपास. म्हणून आमची गाडी पुन्हा प्लग-इनवर आली. पण नवऱ्याने शीटच्या खाली लाल अक्षरांत लिहिलं, "नोकरी बदलली तर?" ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. आम्ही दोघं एच-१बी वर. नोकरी गेली तर दुसरी शोधायला साधारण साठ दिवस मिळतात. फुकटचा चार्जर त्या नोकरीबरोबर जातो, पण गाडीचा हप्ता कुठे जातो? म्हणून ठरवलं, की अर्ध्याहून जास्त रक्कम रोख आणि हप्ता असा, की एका पगारात घर चालवूनही देता येईल. लेदर सीटची हौस होती, पण तिच्यापायी झोप उडवून घ्यायची नव्हती. झोपेचा प्रॉब्लेम आधीच होता!

बाबा, मिस्त्री आणि थंड इंजिन

बाबांना सांगितलं. व्हिडिओ कॉलवर क्षणभर शांतता.

"एकोणतीस-तीस हजार डॉलर म्हणजे पंचवीस लाखांच्या वर. पंचवीस लाखांची सेकंडहँड?"

"बाबा, नवी पन्नास हजारांच्या पुढे होती."

"बरं. मग मिस्त्रीला घेऊन जा. आणि इंजिन थंड असताना चालू करायला सांग. आधीच गरम करून ठेवलं असेल तर समजायचं, काहीतरी लपवतोय."

१९९३ मध्ये बाबांनी सेकंडहँड प्रीमियर पद्मिनी घेतली होती. गल्लीतल्या मिस्त्रींना रिक्षाने घेऊन गेले होते. मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला, खाली वाकून तेलाचे डाग बघितले, एक चक्कर मारली आणि म्हणाले, "घ्या." ती फियाट आमच्याकडे अकरा वर्षं होती. त्यामुळे मी हसले नाही.

पहिल्या डीलरकडे जाहिरातीत "क्रूझ कंट्रोल" लिहिलं होतं. विक्रेता दहा मिनिटं नवऱ्याशीच बोलत होता. शेवटी नवराच म्हणाला, "गाडी तिची, चालवणार ती, पैसे भरणार ती. मी बिस्किटं खायला आलोय." मग त्याने माझ्याकडे वळून लेदरचा रंग सांगायला सुरुवात केली. मी स्टीअरिंगवरची बटणं बघितली. अ‍ॅडॅप्टिव्ह असेल तर पुढच्या गाडीपासूनचं अंतर कमी-जास्त करायचं बटण असतं, त्यावर गाडी आणि तिच्यामागे छोट्या रेघांचं चित्र. इथे नव्हतं. म्हणजे साधा क्रूझ! अनेक लक्झरी गाड्यांमध्ये ही सोय वेगळे पैसे भरून घ्यायच्या पॅकेजमध्ये होती आणि पहिल्या मालकाने ती घेतलीच नसेल तर नसते. नंतर बसवणं जवळपास अशक्य. "गाडी नवी असतानाचा किमतीचा कागद दाखवा," म्हटल्यावर विक्रेता चहा-कॉफी विचारायला लागला. आम्ही निघालो.

दुसरी गाडी मात्र दिसायला राणी. चालवायला घेतली तर आवाजच नाही, लोण्यावरून सुरी फिरवावी तशी. पाच मिनिटं हवेत होते. मग बाबा आठवले. इंजिन कुठाय? बॅटरी फुल असल्यामुळे सगळी चक्कर विजेवरच झाली होती. म्हणजे जे यंत्र सगळ्यात महाग दुखणं काढू शकतं, त्याचा आवाजही मी ऐकला नव्हता! मोड बदलून इंजिन चालू करायला लावलं. ते ठीक निघालं. पण हायवेवर अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ लावला आणि दोन मिनिटांत पडद्यावर पिवळी सूचना आली, की सेन्सर उपलब्ध नाही. विक्रेता म्हणाला, काचेवर धूळ असेल.

इथे आमचे आजचे मिस्त्री कामी आले, म्हणजे फ्रीमॉन्टचा एक स्वतंत्र मेकॅनिक. अडीचशे डॉलर घेतो, गाडी जॅकवर चढवतो आणि स्पष्ट बोलतो. त्याने काचेचा कोपरा दाखवला. काच बदललेली, आणि कंपनीची नव्हे. काच बदलली की तिच्यामागचा कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर त्याला रस्ता तिरका दिसतो. जुळवल्याचा कागद कुणाकडेच नव्हता. ज्या सोयीसाठी आम्ही एवढी यातायात करत होतो, तीच आंधळी. टीटर अंध होता, पण त्याला रस्ता कळत होता. अडीचशे डॉलर गेले, पण अठ्ठावीस हजार वाचले. नवरा म्हणाला, स्वस्तात सुटलो.

तिसरी होती २०२२ची एस ६०, मोठ्या बॅटरीची, चौतीस हजार मैल झालेली. आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं, की रात्रभर चार्ज करून ठेवा आणि मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. पडद्यावर विजेचा पल्ला ३८ मैल दिसला. तीन वर्षं वापरलेल्या गाडीला ठीकच. थंड इंजिन चालू केलं, कान लावला, आवाज गुळगुळीत. आणि संध्याकाळी पाच वाजता, मुद्दाम, खचाखच भरलेल्या ८८० वर नेली. विक्रेत्याला त्याच्या नेहमीच्या रिकाम्या रस्त्यावरून फिरवायची होती. मी म्हटलं, मला रोज जायचंय तिथेच जाऊ या.

गाडी पुढच्या ट्रकमागे थांबली. आपणहून. मग सुटली, पुन्हा थांबली. पाय जमिनीवर ठेवून मी बसले होते आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस ब्रेक दाबून दाबून पोटरी किती दुखत होती, हे ती थांबल्यावर कळलं.

मेकॅनिक म्हणाला, घ्या. अगदी त्याच सुरात!

पर्समध्ये ठेवा ही यादी

• आधी प्लग, मग गाडी. रोज कुठे चार्ज करणार आणि युनिटला किती पडणार, हे ठरल्याशिवाय प्लग-इन बघूच नका. उत्तर नसेल तर साधी हायब्रिड घ्या. तिच्यात कमीपणा काही नाही.

• रोजचं अंतर मोजा. गाडीचा विजेवरचा पल्ला त्याहून थोडा जास्त हवा. थंडीत आणि वेगात तो कमी होतो.

• "क्रूझ" आणि "अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ" यांत फरक आहे. बटण डोळ्यांनी बघा आणि पूर्ण थांबून पुन्हा निघणारा आहे का ते विचारा. काही जुने क्रूझ कमी वेगात बंद पडतात.

• काच किंवा पुढचा बंपर बदललाय का? बदलला असेल तर कॅमेरा आणि रडार जुळवल्याचा कागद मागा.

• गाडी फुल चार्ज आणि इंजिन थंड, असं आदल्या दिवशी सांगून ठेवा. चक्कर अर्धी विजेवर, अर्धी इंजिनवर मारा.

• अमेरिकेत बॅटरीची वॉरंटी साधारण ८ वर्षं किंवा १ लाख मैल असते, पण ती गाडी पहिल्यांदा विकली गेली त्या दिवसापासून, तुम्ही घेतली त्या दिवसापासून नव्हे. पल्ला थोडा कमी झाला तर ती लागू होईलच असं नाही.

• गाडीचा सतरा अंकी-अक्षरी नंबर घेऊन रिकॉल तपासा. चांगल्या नावाच्या कंपन्यांनाही हे चुकलेलं नाही. २०२० मध्ये बीएमडब्ल्यूने आपल्या काही प्लग-इन गाड्या बॅटरीतल्या दोषामुळे चार्ज करू नका म्हणून सांगितलं होतं. २०२५ मध्ये व्होल्वोला लांब उतारावर ब्रेक जाण्याच्या शक्यतेमुळे काही गाड्यांचं सॉफ्टवेअर बदलावं लागलं. रिकॉल निघाला म्हणजे गाडी वाईट असं नाही. दुरुस्ती न करता विकली जातेय का, ते महत्त्वाचं.

• शेवटच्या कागदांवर पेंट प्रोटेक्शन आणि टायरमधला नायट्रोजन हळूच घुसतात. गोड हसून नाही म्हणा.

जे शोरूममध्ये मिळत नाही

इथे लेख संपायला हवा होता. नवी-जुनी गाडी आली, बाईसाहेब खूश. पण दुसऱ्या आठवड्यात एक गोष्ट झाली.

पुन्हा सकाळ, पुन्हा ८८०. गाडी आपली आपण चालली होती. हात स्टीअरिंगवर, पाय मोकळे, सीट मऊ, आवाज शून्य. आदल्या रात्री कॉल सव्वाबाराला संपलेला. आणि मला जाणवलं, की डोळे जड होताहेत. जुन्या गाडीत निदान पायाला काम होतं, ब्रेकचे हिसके होते. इथे तर पाळण्यात घातल्यासारखं झालं होतं. तेवढ्यात पुढची व्हॅन एकदम उजवीकडे वळली, आणि तिच्या पुढे, माझ्याच लेनमध्ये, दिवे लुकलुकवत एक बंद पडलेली गाडी उभी होती.

पुस्तकातलं ते वाक्य! मी ब्रेक दाबला. मीच दाबला. गाडीने दाबला असता की नाही, ते मला माहीत नाही आणि मला बघायचंही नव्हतं. वेग कमी होता, अंतर होतं, सगळं ठीक झालं.

ऑफिसला पोचले, गाडी चार्जरला लावली आणि मॅनेजरकडे गेले. म्हटलं, आठवड्याचे पाच कॉल मला जमणार नाहीत. दोन करीन. बाकीचे तीन पुण्यातल्या टीमने संध्याकाळी घ्यावेत, म्हणजे आमची सकाळ होईल. हे वाक्य मी दोन वर्षं मनात घोळवत होते. व्हिसा, अप्रेझल, लोक काय म्हणतील, सगळ्याला घाबरून बोलले नव्हते. मॅनेजरने कॅलेंडर उघडलं आणि म्हणाली, "आधी का नाही सांगितलंस?"

एकोणतीस हजार डॉलरची गाडी घेणं मला सोपं वाटलं होतं, आणि एक वाक्य बोलणं कठीण. तेव्हा मैत्रिणींनो, अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ जरूर घ्या. तो पोटऱ्या वाचवतो, चिडचिड वाचवतो, संध्याकाळी लेकीशी खेळायला अंगात जीव शिल्लक ठेवतो. पण झोप तो देत नाही. ती रात्रीच, घरीच घ्यावी लागते.

हो, पूजेचं सांगायचं राहिलंच. रविवारी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. इंडियन स्टोअरमधून नारळ आणला, हळद-कुंकू लावलं, टायरखाली लिंबू ठेवलं. नवऱ्याने फोन धरला, लेक टाळ्या वाजवायला सज्ज.

"चालू कर की गं," बाबा म्हणाले.

"चालू आहे, बाबा."

"आवाज कुठाय?"

"आवाज नसतो."

"मग मिस्त्रीने ऐकलं काय?"

मी काही बोलायच्या आत लिंबू फचकन फुटलं. तो आवाज मात्र नाशिकपर्यंत गेला, आणि बाबा खूश झाले.